पेसमेकर उत्तम चालतोय म्हणतात, पण आईला बरं वाटत नाही. डॉक्टरांना कसं सांगायचं?

मोगरा | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आई ६७ वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सप्टेंबरमध्ये ती दोनदा घरातच चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा ओट्याची कड कपाळाला लागली, चार टाके पडले. चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावल्यावर कळलं की तिचं हृदय मध्येच थांबतं. सर्वांत लांब थांबा ४.२ सेकंदांचा होता. सिक सायनस सिंड्रोम, म्हणजे हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो ती जागाच नीट चालत नाही, असं निदान झालं आणि नवरात्राच्या आधी पेसमेकर बसवला. त्यानंतर ती एकदाही पडलेली नाही, हे आधीच सांगते, कारण त्या मशीनने तिचा जीव वाचवला याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण तिला बरं वाटत नाही. दिवसातून दोनतीनदा गळ्याशी धडधडतं. तिच्या शब्दांत, "घशात बेडूक उड्या मारतो." छाती जड होते, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अर्धापाऊण तासाने आपोआप ओसरतं. जास्त करून दुपारी जेवून आडवी झाली की, नाहीतर जिना चढताना. आमचा दुसरा मजला. पहिल्या वळणावर ती पायरीवरच बसते. सप्टेंबरच्या आधी ती रोज जॉगिंग ट्रॅकला तीन फेऱ्या मारायची. यंदा तिळगूळ विकतचा आणला. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

तीनदा डॉक्टरांकडे जाऊन आलो. पहिल्यांदा म्हणाले, "जखम भरतेय, वेळ द्या." दुसऱ्यांदा ईसीजी काढला, तो चांगला आला. तिसऱ्यांदा बोटाला मशीन लावून म्हणाले, "आजी, पल्स बरोब्बर सत्तर आहे, आणखी काय हवं? आता मनातून काढून टाका." शांत झोपेची गोळी लिहून दिली. रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोटात दुखतंय असं खोटं सांगणारी पोरं मी चेहऱ्यावरून ओळखायचे. डॉक्टर आज माझ्याकडे तसंच बघत होते."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टर वाईट नाहीत, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. पण आईचं ऐकलं जावं यासाठी नेमकं काय करायचं? डॉक्टर बदलायचे का? कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

पंचवटीकर | १२ जानेवारी, रात्री ११:२५

ताई, आईंना सांगा की त्यांचं ऐकणारी माणसं आहेत. मला पेसमेकर बसून चार वर्षं झाली. पहिले सहा महिने माझंही असंच होतं. बसलो की ठणठणीत आणि चढ आला की पाय शिशाचे. सप्तशृंगी गडावर रोपवेने गेलो तरी वरच्या थोड्या चालण्याने बसावं लागलं. मला सांगत होते की वजन कमी करा.

शेवटी एका तपासणीत कळलं की चालताना ठोके वाढवणारा सेन्सर मशीनमध्ये होता, पण तो सुरूच केलेला नव्हता. मी बसलो काय आणि चढलो काय, ठोके ६० ते ६५. सेन्सर सुरू केला आणि आठवड्यात रामकुंडापासून काळाराम मंदिरापर्यंत न थांबता चाललो. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही.

म्हणून पहिला प्रश्न. डिस्चार्जनंतर पेसमेकर 'चेक' झालाय का? ईसीजी नव्हे. छातीवर माऊससारखं काहीतरी ठेवून लॅपटॉपसारख्या यंत्रावर वाचतात, ते.

अंबड१९ | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

मी या यंत्रांच्या व्यवसायात काही वर्षं होतो. पंचवटीकरांनी नेमकं विचारलंय.

ईसीजी दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत त्रास नसेल तर तो काही सांगत नाही. पेसमेकर मात्र महिनोन्महिने हिशेब ठेवतो. बॅटरी किती उरली, लीडचा, म्हणजे हृदयात गेलेल्या तारेचा, रोध किती, हृदयाला ठोका द्यायला किमान किती व्होल्ट लागतात, शंभरातले किती ठोके मशीनने दिले आणि किती स्वतःचे होते, मध्ये ठोके फार वेगाने गेले का, हे सगळं निघतं. ते वाचणारं यंत्र ज्या त्या कंपनीचं वेगळं असतं. एकाच्या यंत्रावर दुसऱ्याचा पेसमेकर वाचता येत नाही. बऱ्याच रुग्णालयांत हे यंत्र घेऊन कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी येतो, म्हणून नुसतं ओपीडीत गेलं की चेक होतोच असं नाही. फोन करून दिवस ठरवा आणि निघताना छापील प्रत मागून घ्या.

आईंना एक कार्ड दिलं असेल, पाकिटात ठेवायचं. त्यावर मॉडेल असतं. डिस्चार्जच्या कागदावर मोड लिहिलेला असतो, व्हीव्हीआय किंवा डीडीडी असं. पहिलं अक्षर कुठल्या कप्प्याला ठोका देतो, दुसरं कुठल्या कप्प्याचं ऐकतो, तिसरं ऐकल्यावर काय करतो. ते इथे लिहा.

मोगरा | १३ जानेवारी, दुपारी १:१०

कार्ड सापडलं. सिंगल चेंबर. कागदावर 'व्हीव्हीआय ७०'. डिस्चार्जच्या दिवशी एक मुलगा यंत्र घेऊन आला होता, त्यानंतर काहीच नाही. तीन महिन्यांनी चेक करायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

डॉ_पिंपळपान | १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. इथे बसून निदान करता येत नाही, तसं मी करणारही नाही. पण तुमचं वर्णन वाचून एक गोष्ट तपासायलाच हवी असं वाटतं.

हृदयाचे वरचे कप्पे आधी आकुंचन पावतात, रक्त खाली ढकलतात, मग खालचे कप्पे ते शरीरात पाठवतात. हा क्रम असतो. सिंगल चेंबर पेसमेकरची तार सहसा फक्त खालच्या उजव्या कप्प्यात असते. व्हीव्हीआय ७० म्हणजे ठोके मिनिटाला सत्तरच्या खाली आले की मशीन खालच्या कप्प्याला ठोका देतं. तेव्हा वरच्या कप्प्याला त्याचा पत्ता नसतो. कधीकधी दोन्ही एकाच वेळी आकुंचन पावतात. मधल्या झडपा बंद असताना वरचा कप्पा दाबला गेला की रक्त खाली जाऊ शकत नाही, ते मागे, मानेच्या शिरांकडे उसळतं. आईंचा बेडूक बहुधा तिथे उड्या मारतोय. त्याच वेळी रक्तदाब उतरतो, म्हणून अंधारी आणि दम. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. हा आजार मनाचा नाही, यंत्राच्या ठोक्यांनी होणारा आहे. सिक सायनसच्या रुग्णांत, ज्यांचा वरचा कप्पा अजून जिवंत आहे पण मशीन फक्त खाली ठोका देतं, त्यांच्यात तो दिसतो.

आता डॉक्टरांच्या बाजूने लिहितो, कारण मीही त्या खुर्चीत बसतो. रुग्ण आमच्यासमोर येतो तेव्हा त्रास थांबलेला असतो. "कसंतरी होतं," "घाबरल्यासारखं होतं" हे शब्द दिवसात चाळीस माणसांकडून ऐकलेले असतात. त्यात आमची चूक होते, मी ती स्वतः केली आहे. म्हणून तो क्षण घरातून उचलून आमच्या टेबलावर आणा. एक वही करा. त्रास सुरू झाला की लगेच वेळ, त्या वेळी काय करत होत्या, नाडी, रक्तदाब. आणि हे विसरू नका, बरं वाटत असतानाही दिवसातून दोनदा तेच मोजा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ निघत नाही.

शुद्ध हरपली, छातीत सतत दुखू लागलं, सारख्या उचक्या किंवा पोटाचा स्नायू ठोक्यागणिक उडू लागला, त्या बाजूचा हात सुजला, जखमेपाशी लाली, ऊब किंवा स्राव दिसला, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखमेची सूज कुणी सुई घालून काढतो म्हणालं तर काढू देऊ नका, त्याने जंतू आत जातात.

रानवारा | १४ जानेवारी, सकाळी ६:२०

संक्रांतीच्या शुभेच्छा. मी थोडं वेगळं सांगते. माझ्या सासूबाईंना पेसमेकरनंतर हुबेहूब असाच दम लागायचा. आम्ही तीन महिने मशीनच्या मागे होतो. मशीनमध्ये काही नव्हतं. हिमोग्लोबिन ७.८ निघालं, आणि त्याच्यामागे पोटातला बारीक रक्तस्राव, कारण त्या गुडघ्यांसाठी दुकानातून गोळ्या आणून खात होत्या. थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन हे साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. मशीनचं तपासा, पण हेही त्याच आठवड्यात करून घ्या. नाहीतर मशीन निर्दोष ठरलं की डॉक्टर म्हणतील बघा, आम्ही सांगत होतो, आणि खरं कारण तसंच राहील.

निफाडची_थंडी | १४ जानेवारी, दुपारी ३:०५

धागा वाचून हात थरथरतायत, पण लिहितो.

वडिलांना पूर्ण हार्ट ब्लॉक होता, म्हणजे वरच्या कप्प्याचा ठोका खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता. पेसमेकर बसला, तीन वर्षं छान गेली. मग द्राक्षाच्या छाटणीला बागेत एक ओळ फिरून आले की खाटेवर पडायचे. रात्री दोन उशा लागायला लागल्या. आम्ही पिंपळगावला दाखवलं, नाशिकला दाखवलं. वय ७४ म्हटल्यावर प्रत्येकाने वयावर ढकललं. एकाने मशीनही तपासलं. बॅटरी उत्तम, तार उत्तम. त्यातच आठ महिने गेले.

शेवटी कुणीतरी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगितलं. बसवण्याआधी पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं जितकं रक्त बाहेर टाकतं ते, ६० टक्के होतं, ते ३५ वर आलं होतं. त्यांचे जवळजवळ शंभर टक्के ठोके मशीनचे होते. एका बाजूने सतत ठोका मिळत राहिला की काही माणसांचं हृदय वेडंवाकडं आकुंचन पावतं आणि हळूहळू थकतं, हे तेव्हा कळलं. मग डाव्या बाजूला वेगळी तार टाकून दोन्ही बाजू एकत्र चालवणारं मशीन बसवलं. आज पंपिंग ४८ आहे, वडील पुन्हा बागेत जातात.

मशीन चांगलं आहे का आणि माणूस बरा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आम्हाला आठ महिने फक्त पहिल्याचं उत्तर मिळत होतं. ताई, एको नक्की काढून घ्या आणि जुन्या एकोशी शेजारी ठेवून बघायला सांगा.

देवळालीकाका | १४ जानेवारी, सायंकाळी ७:४५

मुली, माझं वय ७९. एक सांगू का, ज्या डॉक्टरांनी मशीन बसवलं त्यांना सोडून लगेच दुसरीकडे धावू नकोस. आपण चारचौघांचं ऐकून वही घेऊन गेलो की डॉक्टरांना वाटतं हे आपली परीक्षा घ्यायला आलेत. मग ते मनापासून बघत नाहीत. गोडीने घे.

मोगरा | १४ जानेवारी, रात्री ८:३०

काका, तुमची भीती मला समजते. माझीही तीच आहे. आईला तर आणखी जास्त. "त्यांना राग आला तर पुढच्या वेळी कोण बघणार," हेच ती म्हणते. पण गप्प राहून तीन महिने गेले. गोडीने जाऊ, पण वही घेऊन जाऊ.

बाबांनी काम हातात घेतलंय. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. एक आकडा चुकला तर पूर्ण पाळी थांबवून मोजणी व्हायची, अशा ठिकाणी त्यांची ३४ वर्षं गेली. शंभर पानी वही आखून ठेवली आहे. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आहेच, बीपीचं मशीन शेजारच्या काकूंनी दिलं.

अंबड१९ | १४ जानेवारी, रात्री ९:१५

काकांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. बोलण्याची पद्धत महत्त्वाची असतेच. पण एक हक्क माहीत असू द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. होल्टरचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्जच्या दिवसाचा पेसमेकरचा प्रिंट, तिन्ही लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाची पोच घ्या. भांडायची गरज नाही. दुसरं मत घ्यायची वेळ आली तर या तीन कागदांशिवाय दुसरा डॉक्टर आंधळाच असतो.

मोगरा | २७ जानेवारी, रात्री ११:५०

आज झोप येणार नाही, म्हणून लिहून टाकते.

बारा दिवसांत वहीत ४१ नोंदी झाल्या. त्यात त्रासाच्या १७. आज रात्री जेवल्यावर बाबा वही घेऊन बसले. प्रेसमध्ये सदोष नोटा जशा वेगळ्या काढत तशा त्यांनी त्रासाच्या नोंदी लाल पेनने वेगळ्या केल्या. मग बराच वेळ बोटाने रकाना चाचपत राहिले आणि मला हाक मारली. "हे बघ. लाल सगळे सत्तर आहेत."

१७ पैकी १५ वेळा नाडी ६९ किंवा ७०. रक्तदाब १०४/६२, १०८/६४, १००/६०. आणि बरं वाटत असतानाच्या नोंदी बघा, नाडी ७४, ७८, ८२, ७३. रक्तदाब १३६/८०, १३२/७८. एकदाही नेमकी ७० नाही.

म्हणजे ७० म्हणजे मशीनचा ठोका. तिचं हृदय स्वतः चालतं तेव्हा ती बरी असते. दुपारी आडवी झाली की तिचे ठोके सत्तरच्या खाली यायला लागतात आणि मशीन ताबा घेतं. जिन्यावर ठोके वाढायला हवेत तेव्हाही ते वाढत नाहीत, तिथेही मशीनच. डॉक्टर ज्या आकड्याकडे बोट दाखवून "सगळं छान" म्हणत होते, तोच आकडा तिच्या त्रासाचा होता.

आईला दाखवलं. ती काही बोलली नाही. डोळे पुसले आणि वही छातीशी धरून बसली.

रानवारा, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.९, थायरॉईड ठीक, बी१२ थोडं कमी आहे, गोळ्या सुरू केल्यात. एको झाला, पंपिंग ६० टक्के. निफाडच्या दादा, तुमच्यामुळे ते लगेच केलं, आभार.

डॉ_पिंपळपान | २८ जानेवारी, सकाळी ८:१०

बाबांना माझा नमस्कार सांगा. इतकी स्वच्छ नोंद मी निवासी डॉक्टरांकडूनही क्वचित पाहिली आहे.

आता जाताना एवढं करा. पूर्ण वही वाचून दाखवू नका. एका पानावर दोन रकाने, डावीकडे त्रासाचे, उजवीकडे बरं असतानाचे. आणि पहिलं वाक्य पाठ करून जा. "डॉक्टर, नाडी सत्तरवर स्थिर होते तेव्हाच हिचा रक्तदाब तीस अंकांनी पडतो आणि मानेत ठोके उसळतात, हे पेसमेकर सिंड्रोम असू शकतं का ते आपण तपासाल का?" प्रश्न विचारा, निदान सांगू नका. ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं द्यावं लागतं, तो टाळणं कठीण असतं. ते नाही म्हणाले तर कारण विचारा आणि केस पेपरवर लिहून द्यायची विनंती करा.

आईंना स्वतः बोलू द्या. तुम्ही आणि बाबा फक्त आकडे सांगा. घरातली माणसंच बोलत राहिली की रुग्ण खोलीतून नाहीसा होतो.

मोगरा | ६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

काल जाऊन आलो. त्याच डॉक्टरांकडे. काका, तुमचं ऐकलं.

आईनेच सुरुवात केली. आवाज थरथरत होता पण वाक्य पूर्ण म्हटलं. मी पान पुढे सरकवलं. डॉक्टरांनी ते पाहिलं, मग वही मागितली. तिसऱ्या पानावर थांबले. दोन मिनिटं तरी काही बोलले नाहीत. मग फोन करून यंत्रवाल्याला बोलावून घेतलं. आम्ही दीड तास बाहेर बसलो.

यंत्र लावलं. गेल्या चार महिन्यांत ६३ टक्के ठोके मशीनचे. तार, बॅटरी उत्तम. मग डॉक्टरांनी आईला आडवं करून स्वतः बीपीचा पट्टा बांधला. यंत्रावरून मशीनचा वेग ४० केला. आईचं हृदय स्वतः ६६ ने चालू लागलं, बीपी १३४. मग वेग ८० केला. मिनिटभरात १०२. आणि आईने डॉक्टरांचा हात धरला. "हेच. हाच बेडूक."

मानेची शीर उसळताना दिसत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, मलाही दिसली. इतके दिवस आम्ही कुणी तिच्या मानेकडे पाहिलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आई, हे मी आधी विचारायला हवं होतं." तिला आजी म्हणायचे, काल आई म्हणाले. झोपेची गोळी बंद केली.

मशीन आता असं लावलंय की तिचे ठोके ५० च्या खाली गेले तरच त्याने मध्ये पडायचं. म्हणजे बहुतेक वेळ तिचं तीच चालेल आणि लांब थांबा आला तर मशीन आहेच. महिनाभर बघायचं. तरी त्रास राहिला तर वरच्या कप्प्यात आणखी एक तार टाकून ड्युअल चेंबर करावं लागेल.

पंचवटीकर | ६ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

वाचताना घसा दाटून आला. "हाच बेडूक" हे वाचून सौ.ला हाक मारून दाखवलं.

नांदूरनाका | ८ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

घाबरून विचारते. माझ्या मिस्टरांनाही सिंगल चेंबरच बसवलाय. त्यांना कायमचं एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) आहे असं कागदावर लिहिलंय. आमचीही फसवणूक झाली का? स्वस्तातलं बसवलं का?

डॉ_पिंपळपान | ८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नाही, काळजी करू नका. कायमच्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरत असतो, तालात आकुंचन पावतच नाही. तिथे तार टाकून उपयोग नसतो, सिंगल चेंबर हाच योग्य पर्याय आहे. मोगरा यांच्या आईंचा वरचा कप्पा चालू आहे, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा. मिस्टरांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि पेसमेकर वर्षातून किमान एकदा वाचला जातोय का, एवढं मात्र बघा.

देवळालीकाका | २ मार्च, सकाळी १०:१५

मोगरा, आईची तब्येत कशी? रोज येऊन बघतो काही लिहिलंस का.

मोगरा | ४ मार्च, रात्री १०:०५

काका, तुम्ही रोज बघता हे आईला सांगितलं. तिने नमस्कार सांगितलाय.

पहिले दोन आठवडे फार चांगले गेले. ट्रॅकला एक फेरी झाली. लाल नोंदी आठवड्याला दोन. पण गेल्या आठवड्यात पुन्हा वाढल्या. तिचे स्वतःचे ठोके रात्री आणि दुपारी बरेचदा पन्नासच्या खाली जातात, मग मशीन येतंच. जिन्यावर दम आहेच, कारण ठोके वाढत नाहीत. डॉक्टरांनी दुसरी तार टाकायचं सुचवलंय. आम्ही मुंबईच्या एका तज्ज्ञांचंही मत घेतलं, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन. त्यांनीही तेच सांगितलं. आधीची तार तशीच राहील, वरच्या कप्प्यात नवी तार येईल आणि मशीन बदलेल, कारण जुन्याला दोन तारांची जागाच नाही.

आई घाबरली आहे. "एकदा छाती उघडली, आता पुन्हा तीच जागा." खर्चाचंही आहे. विम्याची कंपनी म्हणते की पहिलं मशीन चालू आहे मग बदलता कशाला.

अंबड१९ | ४ मार्च, रात्री ११:००

विम्यासाठी डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात त्या दिवशीचे ४० आणि ८० वेगाचे बीपीचे आकडे आणि 'लक्षणे पुन्हा निर्माण करून पाहिली' हे वाक्य असू द्या. तो पुरावा आहे. ज्यांना विमा नाही त्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारावं, रुग्ण दाखल होण्याआधी.

आईंना एक खरी गोष्ट सांगा. शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये बसला. तो काही तासांत बंद पडला. त्या माणसाला आयुष्यभरात २६ पेसमेकर लागले. तो ८६ वर्षांचा होऊन गेला, २००१ साली.

निफाडची_थंडी | ५ मार्च, सकाळी ६:४०

वडिलांचं दुसऱ्यांदा झालं तेव्हा जखम त्याच जागी होती, भूल फक्त त्या भागापुरती. दोन रात्री रुग्णालयात. आमची चूक झाली ती नंतर. हात वर करायचा नाही म्हटलं म्हणून त्यांनी तीन महिने हात हलवलाच नाही, खांदा आखडला. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, पण कोपर, मनगट आणि खांद्याच्या खालची हालचाल चालू ठेवायची असते. किती दिवस आणि किती, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.

मोगरा | २३ एप्रिल, सायंकाळी ७:२०

२८ मार्चला झालं. विमा कंपनीने दोनदा नाकारून पत्रानंतर मान्य केलं. काल महिन्याची तपासणी झाली. वरची तार ७१ टक्के ठोके देते, खालची फक्त ३ टक्के. म्हणजे वरून सुरू झालेला ठोका तिच्या स्वतःच्या वाटेने खाली जातो. चालताना ठोके वाढवणारा सेन्सर सुरू आहे, पंचवटीकर. मी आठवणीने विचारलं.

जिन्याच्या वळणावर ती थांबते, बसत नाही. काल थांबली ती शेजारच्या मुलाला पाढे विचारायला.

खाली आईने सांगितलेलं लिहिते.

"मी मोगराची आई. चार महिने मला वाटत होतं की मीच खोटी आहे. घरच्यांना कामाला लावलंय, डॉक्टरांचा वेळ घेतेय असं वाटायचं. रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मनात यायचं की होईल ते होऊ दे, पुन्हा सांगायचं नाही. तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर न बघता विश्वास ठेवलात. नांदूरनाकाच्या बाई, मिस्टरांचं मशीन वाचून आणलंत का ते कळवा."

नांदूरनाका | २३ एप्रिल, रात्री ८:४५

काकू, मंगळवारचा दिवस मिळालाय. गोळी चालू आहे. वहीचे रकाने कसे आखलेत तेवढं सांगाल का, मिस्टर आजपासून लिहितो म्हणतायत.

मोगरा | २३ एप्रिल, रात्री ९:३०

बाबा सांगतायत तसं लिहिते. तारीख, वेळ, काय करत होतात, नाडी, वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, काय वाटलं ते रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा. आणि बरं वाटतंय त्या नोंदी निळ्या पेनने, त्या चुकवू नका.